पट्टा पंधरा मैल खाली न्या

श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला, दोंद्रा हेडजवळ, समुद्रतळ किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर एकदम खोल जातो. त्या उतारावर बारीक कोळंबी दाटते आणि निळे देवमासे तिथेच चरतात. सुएझ-मलाक्का वाहतुकीचा पट्टाही नेमका तिथूनच जातो. न्हावाशेवाहून चेन्नईला जाणारी जहाजेही हेच वळण घेतात. मग जहाजे देवमाशांना धडकतात. इंजिन मागे असल्याने नाळेसमोर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकासमोर, आवाज दबतो आणि चाहूल लागली तरी देवमासा सावकाशच बुडी मारतो. धडकेने मेलेला बहुधा तळाशी जातो, मग नोंद कसली!

पट्टा १५ सागरी मैल दक्षिणेला सरकवल्यास धडकेचा धोका सुमारे ९५ टक्के घटतो, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. एमएससी या जहाज कंपनीने २०२२ मध्ये आपली जहाजे स्वतःहून दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली. मात्र अधिकृत पट्टा बदलायचा तर प्रस्ताव श्रीलंका सरकारनेच आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेपुढे ठेवायला हवा. तोवर बाकीचे कप्तान नकाशावरच्या रेषेनेच जाणार, त्यांना काय बोल लावणार? भूमध्य समुद्रातले देवमासे अशा धडकांपासून वाचवायला स्पेन, फ्रान्स, मोनॅको आणि इटली एकत्र आलेच की. आपल्या नौवहन महासंचालनालयाने निदान भारतीय जहाजांना दक्षिणेकडून जाण्याची सूचना काढावी. त्यासाठी कोलंबोची वाट पाहायची गरज नाही.

– एक वाचक, रत्नागिरी