आधी झोप

जनकगंज, लष्कर, ग्वाल्हेर
सोमवार, रात्रीचे साडेअकरा

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

काल तू न जेवता झाशीला इंजिनावर ड्यूटीला गेलीस. तुझ्या डब्यातल्या गुळाच्या पोळ्या आईने आज मला वाढल्या, त्याही न बोलता. टेबलावर टाकून गेलेली अंगाऱ्याची पुडी तिने परत देव्हाऱ्यात ठेवली आहे. ‘देव बघतोय तर सिग्नल मी कशाला बघू?’ असं तू म्हणालीस आणि मी ओरडलो. ओरडायला नको होतं. उत्तर सुचलं नाही म्हणून ओरडलो, दुसरं काही नाही.

आज सकाळी धुक्यात समोरच्या गच्चीवरची तुळससुद्धा दिसत नव्हती. नाइट असली की दुपारी झोपतेस ना? पडदा ओढून, फोन लांब ठेवून. पहाटेचे तीन ते पाच फार वाईट, माणूस उघड्या डोळ्यांनी झोपतो. भाऊकाकांसारखं ‘मला काही होत नाही’ म्हणू नकोस. असो. ट्रेनिंगमध्ये तुला हे सगळं शिकवलंच असेल.

आजीची रामरक्षा आठवते? मी ड्यूटीवर असलो की डोळ्यांना कौसल्येचा मुलगा राखो, ती ओळ ती दोनदा म्हणायची. शंकराने स्वप्नात सांगितली आणि बुधकौशिक ऋषींनी सकाळी उठून लिहून काढली, म्हणून झोपणाऱ्यांवर रामरक्षेचा विशेष लोभ, असं तिचं आपलं म्हणणं.

एक गोष्ट घरात कुणाला ठाऊक नाही. तू व्हायच्या आदल्या हिवाळ्यातली. मी असिस्टंट ड्रायव्हर होतो. मालगाडी, मुरैना सोडलेलं, चंबळेचा पूल अजून यायचा होता. सलग तिसरी रात्र. धुकं इतकं की हेडलाइटचा उजेड उलटा आपल्याच तोंडावर. सिग्नलचा रंग मोठ्याने पुकारायला मी हात वर केला आणि तसाच झोपलो. हात वर, डोळे मिटलेले. चाकाखाली धाडकन फटाका फुटला, लगेच दुसरा. ड्रायव्हरसाहेबांनी ब्रेक लावला. तिथून २७० मीटरवर सिग्नल होता, लाल. रुळाच्या कडेला, धुक्यात सिग्नलआधी हे इशाऱ्याचे फटाके रुळावर लावणारा फॉगवाला कांबळं पांघरून बसला होता, कानाला मफलर, हातात कंदील. त्याने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

घरी येऊन आजीला म्हटलं, रामाने राखलं. तिने देवापुढे साखर ठेवली. मी झोपलो होतो हे तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. रामाने राखलं की त्या फॉगवाल्याने, हे मला अजून ठरवता येत नाही. आणि रात्रभर रुळाकाठी बसलेल्या त्याला कोण राखत होतं?

तुमचं बरं आहे. इंजिनात ड्रायव्हरने साठ सेकंद काही हलवलं नाही तर आधी दिवा, मग बझर, मग आपोआप ब्रेक. फॉग डिव्हाइस पुढचा सिग्नल सांगतं. आता ड्रायव्हर चुकला तर आपोआप ब्रेक लावणारं ‘कवच’ बसवतायत, नावसुद्धा रामरक्षेतलं. पण झोप झालेली नसली तर माणूस बझरसुद्धा झोपेतच बंद करतो. मी पाहिलंय. म्हणून विचारतो.

पुन्हा लेक्चर झालं. माफ कर.

परवा स्टेशनवर एक जुना गार्ड भेटला. म्हणाला, तुमची पोरगी सिग्नल पुकारते ते शेजारच्या लाइनीवर ऐकू जातं. मी नुसतं ‘हं’ म्हटलं. घरी येईपर्यंत मात्र दूधवाल्याला आणि न्हाव्याला सांगून झालं होतं.

पुडी मी तुझ्या बॅगेत घालणार नाही. आई घालेल, तिला माझ्याने आवरत नाही. राहू दे एका कप्प्यात, काही जड नाही.

रनिंग रूमला, तुमच्या विश्रांतीच्या खोलीवर, पोचलीस की लगेच फोन नको. आधी झोप. उठलीस की कर, कितीही वाजलेले असोत. मी जागाच असतो.

तुझा,
बाबा