मेस्त, तुम्ही आवाज पूर्ण वाढवलात

मेस्त,

नमस्कार. डिचोलीहून लिहितोय. माझ्या मुलीची ती जुनी काळी इलेक्ट्रिक गिटार तुम्ही दुरुस्त केलीत. परवा गणेशचवथीच्या मंडपात तिने ती कार्यक्रमभर वाजवली, ड्रमच्या बरोबरीने, आणि ती किंचाळी एकदाही आली नाही. फोनवर हे सांगितलं तर तुम्ही "बरें जालें" म्हणालात आणि ठेवून दिलात. मला जे बोलायचं होतं ते तसंच राहिलं. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. कारण तुमच्याकडे येण्याआधी आमच्या वाट्याला जे आलं तेही चारचौघांतच आलं होतं.

गेल्या वर्षी तिच्या कॉलेजच्या बँडला मोठ्या स्टेजवर वाजवायची पहिली संधी मिळाली. पहिल्या गाण्यात ड्रम सुरू झाले, तिने ॲम्प्लिफायरचा आवाज वाढवला आणि गिटारमधून अशी कर्कश शिट्टी निघाली की पुढच्या रांगेतल्या बायकांनी मुलांच्या कानांवर हात ठेवले. ती भांबावली. तारांवर हात ठेवला, तरी शिट्टी चालूच. साउंड सांभाळणारा माणूस सगळ्यांना ऐकू जाईल असं माइकवरून म्हणाला, "त्या पोरीला आधी गिटार धरायला शिकवा कोणीतरी." लोक हसले. उरलेली गाणी ती आवाज शून्यावर ठेवून नुसती हात हलवत उभी राहिली. घरी येऊन तिने गिटार कपाटावर टाकली आणि त्यानंतर कितीतरी दिवस ती खाली काढली नाही.

त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही. गिटारमध्ये दोष आहे की वाजवणाऱ्यात, हे कळण्याइतकं ज्ञान त्याच्याकडे असायला हवं होतं. त्याचा तो धंदाच होता.

मग आम्ही गिटार घेऊन फिरलो. जिथे गेलो तिथे प्रश्न मला. "किती वर्षं शिकते? क्लास कुठे?" गिटार तिच्या हातात, तक्रार तिची, आणि दुकानदार बघणार माझ्या तोंडाकडे. एवढ्याशा सरावाच्या ॲम्पला जोडायची, आवाज दोनवर ठेवायचा, दोन तारा छेडायच्या आणि म्हणायचं, "इथे तर काही होत नाही." होणार कसं? ती किंचाळी मोठ्या आवाजातच येते, हे ती पुन्हा पुन्हा सांगत होती. कोणी आवाज वाढवून बघितला नाही. एकाने नॉइज गेट नावाचा पेडल विकला. तो हात थांबला की आवाजाचं दार बंद करतो, पण वाजवायला लागलं की दार उघडतं आणि शिट्टी आत येते. दुसऱ्याने गिटारच्या पोटात तांब्याची पट्टी चिकटवली. त्याने विजेची ५० हर्ट्‌झची गुणगुण थोडी कमी झाली, शिट्टी जिथल्या तिथे, कारण ती विजेची नव्हतीच. तिसरा म्हणाला, "मुलींनी एवढ्या मोठ्याने वाजवायचंच कशाला?" तिथून आम्ही काही न बोलता बाहेर पडलो.

आमचं घर हार्मोनियमचं. माझे वडील जत्रेतल्या संगीत नाटकांना साथ करायचे. तंबोऱ्याची जवारी बिघडली तर कुठे जायचं हे आम्हाला ठाऊक होतं. मिरजेला. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या घरी सगळ्यांना आनंद झाला, कारण त्या हातांची किंमत आम्हाला माहीत आहे. पण इलेक्ट्रिक गिटारचं दुखणं घेऊन कोणाकडे जायचं? तुमचं नाव दिलं ते तियात्राच्या, म्हणजे कोंकणी नाटकाच्या, बँडमध्ये कीबोर्ड वाजवणाऱ्या एका भल्या माणसाने. तुमच्या दारावर पाटीसुद्धा नाही.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे पत्र आहे.

आम्ही बार्देशात तुमच्या घरी पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. तुम्ही तिला बाल्कांवातल्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीतल्या, बाकावर बसवलंत, पाणी दिलंत आणि विचारलंत, "सांग बाय, कितें जाता?" तिला विचारलंत. ती सांगत गेली. किती आवाजाला येते, ॲम्पकडे तोंड केलं की वाढते, पाठ केली की थोडी कमी होते, तारा दाबल्या तरी थांबत नाही. तुम्ही मध्ये एकदाही तोडलं नाहीत. ऐकून झाल्यावर म्हणालात, चार वाजेपर्यंत थांबू, शेजारची म्हातारी निजली आहे. चार वाजता स्वतः कुंपणापाशी जाऊन त्यांना सांगून आलात की आता थोडा वेळ मोठा आवाज होईल, घाबरू नका. मग तुमचा तो जुना व्हॉल्व्हचा ॲम्प दोन्ही हातांनी उचलून बाल्कांवात आणलात, तिला बरोबर त्याच्यासमोर उभं केलंत आणि बटण शेवटपर्यंत फिरवलंत.

"तूं वाजय. हांव आयकतां."

शिट्टी आली. समोरच्या माडावरचे कावळे उडाले, रस्त्यावरून जाणारा पाववाला पोदेर सायकल थांबवून बघत राहिला. तुम्ही कानांवर हात नेले नाहीत. मान जरा कलती करून ऐकत राहिलात आणि तिच्याकडे बघून मान हलवलीत. ही म्हणते ते खरं आहे, असा त्याचा अर्थ होता. मेस्त, दुरुस्ती पुढे झाली, पण माझ्या लेकीची मान तिथेच वर झाली. मी शेजारी उभा राहून बघितली.

पुढचं तुम्ही तिला दाखवत गेलात. तळहात सगळ्या तारांवर सपाट ठेवलात, शिट्टी तशीच. स्पीकरचा आवाज पुन्हा गिटारमध्ये शिरून घुमत राहतो तो फीडबॅक. तो तारांच्या कंपनामुळे होत असता तर हात ठेवताच तो मेला असता, म्हणालात. तारांचा फीडबॅक सुरात असतो, मोठमोठे वादक तो मुद्दाम काढतात. मग पेन्सिलीच्या टोकाने तारांखालच्या पिकअपच्या, म्हणजे तारांचं कंपन टिपणाऱ्या भागाच्या, धातूच्या झाकणावर टकटक केलंत, आणि ती टकटक स्पीकरमधून स्पष्ट ऐकू आली. "आता त्याच्याशी बोल," म्हणालात. ती वाकली, पिकअपला तोंड लावून "हॅलो" म्हणाली आणि तिचाच आवाज ॲम्पमधून बाहेर पडला. किती दिवसांनी हसली ती!

पिकअपने फक्त पोलादी तारांचं कंपन टिपायचं असतं. हा पिकअप माइक होऊन बसला होता. आत तांब्याची केसाच्या जाडीची तार, हंबकरच्या, म्हणजे या दोन वेटोळ्यांच्या पिकअपच्या, एकेका वेटोळ्यात तिचे साधारण ५,००० फेरे. ते घट्ट बसलेले नसतील तर मोठ्या आवाजाच्या धक्क्याने तेच हलायला लागतात, सैल विणलेल्या बाजेवर कोणी बसलं की ती कुरकुरते तसे. चुंबकाच्या क्षेत्रात तार हलली की वीज निर्माण होणारच. ॲम्प ती वाढवतो, स्पीकर तिचा आवाज करून हवेत फेकतो, तो आवाज पुन्हा वेटोळ्याला हलवतो, आणि हे चक्र क्षणात किंचाळीपर्यंत जातं. वरचं पत्र्याचं झाकण सैल असेल तर तेही यात भर घालतं. आवाज कमी असला की धक्काच पुरेसा नसतो. म्हणून दुकानात "काही होत नाही". एवढं साधं कारण, आणि आमच्या मुलीला गिटार धरता येत नाही असा शिक्का बसला होता.

तिने विचारलं, हा पिकअप वाईट आहे का? तुम्ही म्हणालात, अजिबात नाही. गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी हंबकरसाठी १९५५ मध्ये पेटंटचा अर्ज केला, ते १९५९ मध्ये मिळालं, आणि त्या काळातल्या पिकअपमध्येसुद्धा फेरे घट्ट बसवायला मेण भरलेलं नसे. आज लोक त्यांच्यासाठी वाटेल ती किंमत मोजतात. थोडा सैलपणा असला की आवाजाला एक जिवंतपणा येतो असं बरेच वादक मानतात. मग तुम्ही निर्णय तिच्यावर सोडलात. मेण भरलं तर शिट्टी जाईल, पण आवाज अगदी थोडा बदलल्यासारखा वाटेल. करायचं की नाही ते तू सांग. तिने विचार करून सांगितलं, पुलाजवळच्या, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीजवळच्या, पिकअपला करू या, मानेजवळचा राहू दे. तुम्ही "बरोबर" म्हणालात आणि कामाला लागलात.

कामाबद्दल मी फार लिहीत नाही, ते तुमचं आहे. पातेल्यात पाणी, त्यात दुसरं भांडं, त्यात पांढरं मेण आणि त्याच्या चौथाईएवढं मधमाश्यांचं मेण, थंड झाल्यावर तडकू नये म्हणून. थर्मामीटर पासष्ट अंशांच्या आसपास. त्याच्या फार वर गेलं तर आतलं प्लॅस्टिक वाकतं, म्हणून तुम्ही एक क्षणही जागचे हलला नाहीत. फोन वाजला तो वाजू दिलात. पिकअपमधून बारीक बारीक बुडबुडे वर येत राहिले, म्हणजे फेऱ्यांमधली हवा निघून मेण आत शिरत होतं, आणि शेवटचा बुडबुडा थांबेपर्यंत तुम्ही तिला मोजायला लावलंत.

ते पांढरं मेण म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे मारिया मातेच्या, फेस्ताला घेतलेल्या मेणबत्त्यांचं होतं. तुम्ही सहज सांगून गेलात. आम्ही डिचोली तालुक्यातले, शिरगावच्या लईराई देवीचे. मिलाग्रीस सायबीण तिची बहीण, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. तुम्हाला त्यात विशेष वाटलं नसेल. मला वाटलं.

पैसे तुम्ही कामाचे योग्य तेवढे घेतलेत, तेही मला आवडलं. उपकार केल्यासारखं कुठेच वागला नाहीत. मला वाटतं सज्जन माणूस असाच ओळखू येतो. समोरचा जे सांगतोय ते जिथे घडतं तिथे जाऊन तो बघतो. डॉक्टर असो, मास्तर असो, सरकारी खिडकीतला कारकून असो, बहुतेकांना आपल्या सोयीच्या आवाजात तुमचं दुखणं तपासायचं असतं, आणि तिथे ते दिसलं नाही की दुखणंच नाही असं ठरतं. शेजारणीची झोप होईपर्यंत थांबणारा आणि मग परक्याच्या लेकीसाठी आवाज शेवटपर्यंत वाढवणारा माणूस मला माझ्या उभ्या आयुष्यात फार थोड्या वेळा भेटलाय. असे लोक गोव्यात अजून वाड्यावाड्यांवर आहेत, पाटी न लावता बसलेले, म्हणून इथे अजून इतकं संगीत टिकून आहे असं मला मनापासून वाटतं.

परवाच्या कार्यक्रमाचं थोडं सांगतो. रात्री दहाला स्पीकर बंद करावे लागतात म्हणून त्यांना शेवटचीच वेळ मिळाली होती, घाई होती, आवाज तपासायलाही सवड नव्हती. सुरुवातीलाच ती ॲम्पच्या अगदी जवळ गेली, मुद्दाम, आणि त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली. माझ्या पोटात गोळा आला. तिने एक सूर लावला आणि धरून ठेवला. तो हळूहळू फुलत गेला, तारेचा, सुरातला, तुम्ही सांगितला होतात तो फीडबॅक, आणि तिने तळहात ठेवताच थांबला. माझे वडील खुर्चीत बसून ऐकत होते. ते म्हणाले, "सूर छान धरते." एवढ्या वर्षांत त्यांनी या वाद्याबद्दल काढलेला हा पहिला चांगला शब्द.

तिच्या बँडमधल्या बेस वाजवणाऱ्या मुलाचीही काही तक्रार आहे. मोठ्या आवाजात गुरगुर येते म्हणतो. त्याला तुमच्याकडे पाठवू का? रविवारी चालेल का ते कळवा. दुपारी चारनंतरच येईल, हे मी त्याला सांगून ठेवलंय. त्याच्याबरोबर आमच्या घरच्या नेवऱ्या पाठवतोय, त्या शेजारच्या आजींनाही द्या. त्या दिवशी इतका गोंगाट झाला आणि त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही. त्यांचेही आमच्यातर्फे आभार माना.

तुमचा,
डिचोलीहून, त्या मुलीचा बाप