आक्का, त्या तीन गोळ्यांबद्दल

प्रिय आक्का,

तुझं नाव आणि गाव कुठं घालू नको असं तू बजावलं आहेस, म्हणून ते लिहीत नाही. पत्र मात्र चारचौघांना वाचता येईल असंच लिहिते आहे. बाळंतपणानंतरचं रक्त थांबवणाऱ्या गोळीचा अभ्यास ज्यांच्यामुळं झाला आणि ज्यांचे आभार मानायचे, त्या 1620 जणी. त्यांतली मला समोरासमोर भेटलीस ती फक्त तू. बाकीच्या आपल्या बेळगाव जिल्ह्यात कुठं कुठं असतील, कुणी शेतात, कुणी लेकाकडं पुण्याला. एखादीच्या नातवानं हे वाचून दाखवलं तर तिलाही पोचेल.

गेल्या पावसाळ्यात लेकीचं तायी कार्ड, म्हणजे गरोदर बाईचं सरकारी नोंदीचं कार्ड, काढायला तू उपकेंद्रावर आलीस. बाळंतपणानंतर अंगावरून किती रक्त जाणं ठीक आणि किती धोक्याचं, हे मी तिला समजावत होते. मापाची प्लास्टिकची पिशवी काढून दाखवली तशी तू पुढं सरकलीस. "ही माझ्या अंगाखाली घातली होती की. हिच्याच वेळेला." मग गोळ्यांचं निघालं. तीन गोळ्या, घोटभर पाण्याबरोबर. मी खोदून खोदून विचारत होते आणि तू उत्तर दिलंस, "मी काय केलो बाई, गोळ्या गिळलो आन् पडून ऱ्हायलो."

आक्का, तू काय केलंस ते मला सांगू दे.

बाळ बाहेर आलं, वार पडली, की गर्भपिशवीनं घट्ट आवळून घ्यायचं असतं. वार जिथं चिकटलेली असते तिथल्या रक्तवाहिन्या त्या आवळण्यानंच मिटतात. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भपिशवीकडं मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास रक्त वाहत असतं. गर्भपिशवी सैल राहिली तर तेच रक्त बाहेर यायला लागतं, आणि धडधाकट बाई तासा-दोन तासांत हातची जाते. अंगात आधीच रक्त कमी असलं तर त्याहून लवकर. आपल्या खानापूरच्या वरच्या पट्ट्यात, कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला, जुलैचा पाऊस लागला की दोन तासांत माणूस कुठवर पोचतं हे तुला मी सांगायला नको. 108 ची गाडी कर्नाटकात 2008 साली आली. तुझं बाळंतपण त्याच्या आधीचं, घरातलं, कंदिलाच्या उजेडातलं.

औषध नव्हतं असं नाही. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन होतं. पण ते 2 ते 8 अंशांत, म्हणजे फ्रीजमध्ये ठेवावं लागतं, आणि टोचायला शिकलेला हात लागतो. मिसोप्रोस्टॉल ही गोळी मूळची पोटातल्या अल्सरवरची. तिनं गर्भपिशवी आवळते हे डॉक्टरांना माहीत होतं. ती फ्रीजबाहेर टिकते, सुई लागत नाही, स्वस्त आहे. पण खेड्यातल्या घरात किंवा उपकेंद्रात, डॉक्टर जवळ नसताना, नर्सबाईनं ती दिली तर रक्त खरोखर कमी जातं का? याचं पक्कं उत्तर तेव्हा कुणाकडंच नव्हतं. "जाईल कमी बहुतेक" एवढ्यावर सरकारं औषध वाटत नाहीत, आणि वाटू नयेच.

सप्टेंबर 2002 ते डिसेंबर 2005 या काळात बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजनं हे उत्तर शोधलं. डॉ. भालचंद्र कोडकणी, डॉ. शिवप्रसाद गौडर, अमेरिकेतले डॉ. रिचर्ड डर्मन आणि त्यांचे सहकारी. जागा आपल्या जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या भागातली. शिकत असताना मी हा अभ्यास वाचला होता, परीक्षेपुरते आकडे पाठही केले होते. त्या आकड्यांतली एक बाई माझ्यासमोर लाकडी बाकावर बसून लेकीच्या केसात गजरा माळते आहे, हे मनात नीट उतरायला मला त्या दिवशी वेळ लागला.

तू म्हणालीस की नर्सबाईनं आधी कागद वाचून दाखवला, तो तुला पटला नाही म्हणून परत वाचायला लावला. आणि तू विचारलंस, "मधेच नको वाटलं तर सोडता येतंय काय?" येतं, असं तिनं सांगितल्यावरच तू अंगठा दिलास. सासू नको म्हणत होती तरी दिलास. अशा अभ्यासात सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न तोच असतो, आणि तो तुला कुणी शिकवला नव्हता.

मग ती पिशवी. बाळाची नाळ कापली की कमरेखाली सरकवायची, रक्त थेट तिच्यात उतरतं आणि बाजूच्या रेघांवर मिलिलिटर दिसतात. त्याआधी सगळं नजरेच्या अंदाजावर चालायचं: फडकी किती भिजली, चटई किती भिजली. नजरेनं धरलेला अंदाज मोजलेल्या रक्तापेक्षा जवळपास एक तृतीयांशानं कमी येतो, हेसुद्धा इथंच बेळगावात तपासलं गेलं आहे. अंदाज कमी आला की धावपळ उशिरा सुरू होते, आणि उशीर झाला की बाई जाते. म्हणून मला या साध्या प्लास्टिकच्या पिशवीचं मोल गोळीइतकंच वाटतं.

आता तुला टोचत असलेल्या गोष्टीकडं येते. निघताना तू विचारलंस, "मला खोटी गोळी पडली असंल तर?" अर्ध्या बायांना मिसोप्रोस्टॉल दिलं होतं, अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या. कुणाला कुठली हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलेलं. देणाऱ्या नर्सबाईलाही ठाऊक नव्हतं. तू सांगतेस की तुला हुडहुडी भरली होती, वाकळीवर वाकळ घातली होती, आणि तुझ्या जावेला तसलं काही झालं नाही, म्हणजे तुला खरी आणि तिला खोटी. मिसोप्रोस्टॉलनं थंडी वाजते हे खरं आहे, थोडा तापही येतो. पण बाळंतपणानंतर औषध न घेताही काहींना थंडी वाजते. त्यामुळं तुझ्या वाट्याला काय आलं हे आज मी खात्रीनं सांगू शकत नाही.

एवढं मात्र सांगते. त्या वेळी गावातल्या बाळंतिणीला यातलं कोणतंच औषध नेहमीच्या सेवेत मिळत नव्हतं. म्हणजे औषध नसलेली गोळी देऊन कुणाच्या हातातला घास काढून घेतला नव्हता. उलट जिला रक्त जास्त जाईल ती पिशवीच्या रेघेवर लगेच दिसत होती, तिला पुढं हलवायची तजवीज होती. तरीही मला वाटतं, ज्यांना साधी गोळी मिळाली त्यांचे उपकार जास्त आहेत. त्यांना औषधाचा लाभ नव्हता, आणि त्यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय औषधाला काही अर्थ नव्हता. तुझी जाऊ आता गोव्याला असते म्हणालीस. तिला फोन लावशील तेव्हा हे सांग.

निकाल 2006 साली लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात आला. साध्या गोळीच्या गटात शंभरातल्या 12 जणींना अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त गेलं. मिसोप्रोस्टॉलच्या गटात हे प्रमाण 6.4 टक्के, जवळजवळ निम्मं. एक लिटर किंवा जास्त, म्हणजे जीवावर बेतणारं, ते 1.2 टक्क्यांवरून 0.2 वर आलं. अठरा जणींना गोळ्या दिल्या की एकीचा मोठा रक्तस्राव टळतो, असा हिशोब निघाला.

हा अठराचा हिशोब माझ्या डोक्यातून जात नाही. अठरांतली ती एक कोण, हे कधीच कळत नाही. तिलाही कळत नाही. ती उठते, बाळाला पाजते, बाराव्या दिवशी बारशाला बसते. आपला जीव वाचला हे तिला माहीतच नसतं, मग ती आभार कुणाचे मानणार? म्हणून तिच्या वतीनं मी मानते आहे.

पुढं 2011 साली जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव टाळण्यासाठी, मिसोप्रोस्टॉल घेतलं. बेळगावच्या अभ्यासाचा त्यात मोठा आधार होता. जिथं शिकलेला हात आणि ऑक्सिटोसिन नाही तिथं गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्तीनं 400 किंवा 600 मायक्रोग्रॅम द्यावं अशी त्यांची शिफारस आहे; 600 म्हणजे तुझ्याच त्या तीन गोळ्या. आणि मापाची पिशवी तर कुठल्या कुठं गेली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या 80 रुग्णालयांपैकी जवळपास निम्म्यांत अशाच रेघांच्या पिशवीनं रक्त मोजलं, प्रमाणाबाहेर दिसताच मसाज, औषधं, सलाईन सगळं एकदमच सुरू केलं. 2023 मध्ये आलेल्या त्या निकालात, बाकीच्या रुग्णालयांच्या मानानं, रक्तस्रावाचे गंभीर परिणाम 60 टक्क्यांनी कमी होते. तिथल्या कुणा बाईला बेळगाव कुठं आहे हे माहीत असायचं कारण नाही.

तुझ्या लेकीचं बाळंतपण तालुक्याच्या दवाखान्यात झालं. बाळ झाल्याबरोबर ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं, कारण तिथं फ्रीज आहे आणि शिकलेले हात आहेत. जिथं ते मिळतं तिथं पहिला मान त्याचाच. मिसोप्रोस्टॉल रस्त्यात अडकलेल्या, घरात राहून गेलेल्या बाईसाठी. तू दाराबाहेर बसून होतीस, मी आत तिच्या पायथ्याशी उभी राहून पिशवीवरच्या रेघा बघत होते. रक्त धोक्याच्या रेघेच्या खूप खाली थांबलं. दवाखान्याच्या वहीत एक ओळ लिहिली गेली, आई आणि बाळ सुखरूप. कर्नाटकात 2001 ते 2003 या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे 228 आया दगावत होत्या. 2018 ते 2020 मध्ये 69. यात रस्ते आले, 108 आली, दवाखान्यात बाळंत होणं आलं, आशा कार्यकर्त्या आल्या. सगळं श्रेय एका गोळीला देणं खोटं होईल. पण हा आकडा अजून खाली न्यायचा आहे, आणि तिथं पोचायला मोजमाप लागणार, तुझ्यासारख्या बाया लागणार.

तुला अंगठा द्यायला सांगणाऱ्या त्या नर्सबाईबद्दलही लिहायला हवं. त्या अभ्यासात 25 एएनएम, म्हणजे गावात बाळंतपणं करणाऱ्या नर्सबाया, होत्या. रात्री-अपरात्री हाक आली की पिशवी, गोळ्यांचं नंबर घातलेलं पाकीट आणि कागद घेऊन त्या जायच्या. बाळंतपण करून वर रक्त मोजायच्या, नोंद करायच्या. संशोधन म्हटलं की लोकांना पांढरा कोट आणि काचेच्या नळ्या दिसतात. मला चिखलातून चालणारी नर्स दिसते. तुझी नर्सबाई निवृत्त होऊन निपाणीला गेली असं कळलं. तिचा पत्ता मिळाला तर तिलाही मी असंच लिहीन.

आपल्या जिल्ह्यातल्या बायांनी त्यानंतरही असं बरंच दिलं आहे. पहिलटकरणींना दिवस गेल्या-गेल्या रोज ॲस्पिरिनची छोटी गोळी दिली तर बाळ वेळेआधी जन्मणं कमी होतं का, हे सहा देशांत जवळपास बारा हजार जणींवर तपासलं. त्यात बेळगाव आणि नागपूर दोन्हीकडच्या बाया होत्या. 37 आठवड्यांआधी जन्मणाऱ्या बाळांचं प्रमाण 13.1 टक्क्यांवरून 11.6 वर आलं. फ्रीजबाहेर टिकणाऱ्या कार्बेटोसिन या इंजेक्शनचा अभ्यास दहा देशांत झाला, त्यातही बेळगाव होतं. यांतल्या कुणाचंच नाव कुठं छापलेलं नाही. छापायचं नसतंच, तो त्यांचा हक्क आहे. पण नाव नाही म्हणून उपकारही नाहीत, असं होऊ नये.

आक्का, एक मागणं आहे. गुरुवारी लसीकरणाला नात घेऊन येशील तेव्हा बाकावर गरोदर बाया बसलेल्या असतात. उद्या त्यांच्याकडं कुणी अभ्यासाचा कागद घेऊन आलं तर काय काय विचारायचं, कागद दोनदा का वाचून घ्यायचा, हे त्यांना मी सांगण्यापेक्षा तू सांग. तुझं ऐकतील. तासभर आधी ये, चहा मी ठेवते.

तुझी,
उपकेंद्रावरची नर्स
खानापूर तालुका, जिल्हा बेळगाव