मी अस्तित्वात होते, फोन मात्र लागत नव्हता

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

श्रावणातल्या दुसऱ्या आठवड्यात मयूर कॉलनीतले एक काका रिक्षा करून आमच्या सहकारनगरच्या घरी आले. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्याकडचा गणपती गेली नऊ वर्षं मी बसवते. आधी ते आमच्या कोथरूडच्या जुन्या सोसायटीत गेले होते. ती पुनर्विकासासाठी पाडलेली, तिथे पत्रे आणि खड्डा. मग कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून नवा पत्ता काढून इथवर पोचले. पाणीसुद्धा न पिता म्हणाले, "ताई, नंबर बदललात तर कळवायचं तरी. तीनदा लावला. ती बाई सांगते, हा क्रमांक अस्तित्वात नाही."

नंबर सोळा वर्षांत बदललेला नाही. ती बाई हे सांगत होती तेव्हा मी अस्तित्वात होते, आतल्या खोलीत गवार निवडत होते, आणि फोन समोरच होता.

मी पौरोहित्य करते. ज्ञानप्रबोधिनीत पौरोहित्याचा वर्ग केला, त्याला आता बरीच वर्षं झाली. आमच्या व्यवसायात पाटी नसते, दुकान नसतं, असतो तो फोन. श्रावणात सत्यनारायण, मंगळागौर आणि त्याच पंधरा दिवसांत गणपतीचं वेळापत्रक ठरतं. यजमान सकाळी फोन करत नाहीत, कारण सकाळी मी कुणाच्या तरी घरी पाटावर बसलेली असते हे त्यांना ठाऊक आहे. करतात ते दुपारी एक ते सहा. मी घरी असते त्या वेळात. दर वर्षी चतुर्थीला पहाटे साडेचारपासून अकरा घरं असतात. यंदा श्रावण अर्धा सरला तरी चारच ठरली होती, आणि मी समजत होते की लोक आता यूट्यूब लावून पूजा करतात. (काही करतातही. त्यांना माझा विरोध नाही, पण प्राणप्रतिष्ठेच्या मधेच जाहिरात लागते म्हणे.)

मला शंका का आली नाही, तेही सांगते. मी फोन लावला की लागत होता. व्हॉट्सॲप वाय-फायवर व्यवस्थित चालू होतं. बाहेर असताना दोन-चार फोन येतही होते. फोन बिघडला की कळतो असं आपण धरून चालतो. येणारे फोन बंद पडले तर आपल्याला कळायला काही मार्गच नसतो, कारण न वाजलेला फोन आणि कुणी न केलेला फोन यांचा आवाज एकच. कळतं ते समोरच्याला, आणि तो रागावून गप्प बसतो.

मग सुरू झाली आमची वणवण. आधी घरगुती उपाय: फोन बंद करून चालू केला, विमानाचं चिन्ह दाबून सोडलं, कानातल्याच्या फिरकीने सिमचा खण उघडून सिम खोडरबराने पुसलं. मग बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास एका दुरुस्तीवाल्याकडे. त्याने फोन कानाला लावला, हलवला आणि दोन मिनिटांत निदान केलं, "बोर्ड गेलंय, अडीच हजार." दुकानात उभ्या-उभ्या ह्यांनी स्वतःच्या फोनवरून मला फोन लावला, तर तो खणखणीत वाजला. त्यावर दुरुस्तीवाला म्हणाला, "लूज असणार. कधी वाजेल, कधी नाही." कंपनीच्या दुकानात टोकन घेऊन पाऊण तास बसलो. तिथल्या मुलाने नवीन सिम घ्या म्हणून सांगितलं. १९८ या कंपनीच्या तक्रार क्रमांकावर तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक मिळाला, आणि तिसऱ्या दिवशी संदेश आला की आपल्या तक्रारीचं निराकरण झालेलं आहे. कसलं निराकरण, कुणी केलं, काहीच नाही. फोन तसाच मुका.

निदान केलं ते घरमालकीणबाईंच्या नातीने. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिने फोन हातातसुद्धा घेतला नाही, आधी दोन प्रश्न विचारले. "काकू, न वाजलेला फोन नंतर कॉलच्या यादीत मिस्ड कॉल म्हणून दिसतो का? आणि फोन करणाऱ्याला नेमकं काय ऐकू येतं?"

हे दोन प्रश्न दुरुस्तीवाल्याने विचारले नाहीत, दुकानातल्या मुलाने नाहीत, १९८ वर तर नाहीतच. म्हणून ते तुमच्या वाचकांसाठी नीट लिहिते. यादीत मिस्ड कॉल दिसत असेल, तर फोन तुमच्यापर्यंत पोचला होता, फक्त वाजला नाही. मग दोष फोनच्या आतल्या सेटिंगचा: 'डू नॉट डिस्टर्ब'चं चंद्राचं चिन्ह चालू राहिलेलं, फोन ॲपची नोटिफिकेशनची परवानगी गेलेली, किंवा अनोळखी नंबर गप्प करण्याची सोय चालू. ही शेवटची सोय माझ्यासारखीला घातकच, कारण नवा यजमान म्हणजे अनोळखी नंबरच असतो. आणि यादीत काहीच उमटत नसेल, तर फोन तुमच्या हँडसेटपर्यंत आलेलाच नसण्याची शक्यता मोठी. मग बोर्ड आणि स्पीकर उघडण्यात अर्थ नाही. रेंज बघायची, व्होल्टे (फोर-जी वरून बोलण्याची सोय) चालू आहे का बघायचं, रिचार्जची मुदत बघायची, कॉल बॅरिंग (फोन अडवणं) आणि कॉल फॉरवर्डिंग (फोन दुसऱ्या नंबरकडे वळवणं) बघायचं. तिथे दुसरा प्रश्न कामाला येतो. 'व्यस्त आहे', 'स्विच ऑफ आहे', 'या क्रमांकावर इनकमिंगची सुविधा नाही', 'अस्तित्वात नाही' ही सगळी वाक्यं आपण एकाच अर्थाने ऐकतो, पण प्रत्येकाचं बोट वेगळीकडे असतं.

माझ्या यादीत काहीच नव्हतं. मग प्रयोग झाला. हे बाहेर दूधवाल्याच्या टपरीपाशी उभे राहिले, मी आतल्या खोलीत फोन ताटलीत ठेवून त्याच्याकडे बघत बसले. ह्यांनी लावला. स्क्रीन काळी. रेंजची एक दांडी यायची, जायची. तिथून ओरडले, "अस्तित्वात नाही म्हणतेय!" मी ताटली घेऊन गॅलरीत गेले. पुन्हा लावला, फोन वाजला. आत आले, गेला. असं चार वेळा केलं. समोरच्या इमारतीतल्या बाई खिडकीत येऊन बघून गेल्या.

आमचं हे घर तळमजल्यावर, मागे तळजाईचा उतार. आत रेंज पोचत नाही, इथवर ठीक. पण रेंज नसेल तर 'संपर्क क्षेत्राबाहेर' असं ऐकू यायला हवं. 'अस्तित्वात नाही' कसं? त्या मुलीने मला *#६२# दाबायला सांगितलं. दाबल्यावर स्क्रीनवर ०२० लावून एक नंबर उगवला. तेवीस वर्षं पाठ असलेला. आमचा कोथरूडचा लँडलाइन.

तेव्हा सगळं आठवलं. दोन वर्षांपूर्वी जुन्या घराशेजारी अकरा मजली इमारत उभी राहिली आणि आमच्या स्वयंपाकघरातली रेंज गेली. त्यावर उपाय म्हणून मीच फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन, मोबाइल संपर्काबाहेर असेल तर फोन लँडलाइनला वळवायचा, असं करून ठेवलं होतं. तेव्हा ती युक्ती मला फार आवडली होती आणि चार जणींना शिकवलीही होती. पुढे सोसायटी पुनर्विकासाला गेली, घर रिकामं केलं, लँडलाइन परत केला. वळवण मात्र तशीच राहिली. बाहेर असले की फोन सरळ येत होते. घरात शिरले की रेंज जायची, फोन वळून त्या बंद लँडलाइनकडे जायचा आणि तिथली बाई यजमानांना सांगायची की हे अस्तित्वातच नाहीत. तर दोष माझा होता. तो लपवून हे पत्र लिहिण्यात अर्थ नाही.

जाता जाता: पुनर्विकासाच्या करारात भाडं, दलाली, सामान हलवायचा खर्च यांवर आम्ही सात बैठका भांडलो. तात्पुरत्या घरात फोनला रेंज आहे का, हे चाळीसपैकी एकाही सभासदाने बघितलं नाही.

दुरुस्ती पाच मिनिटांची आणि फुकटची. ##६२# दाबून वळवण काढली. आतल्या खोलीसाठी वाय-फाय कॉलिंग, म्हणजे रेंज नसली तरी वाय-फायवरून नेहमीचे फोन येण्याची सोय, चालू केलं. ते आपल्या देशात २०१९ च्या अखेरीस आलं, माझ्या फोनमध्ये होतंच, फक्त बंद होतं. ##००२# दाबलं तर सगळ्या प्रकारच्या वळवण्या एकदम निघतात, पण त्यात मिस्ड कॉल कळवणारा संदेशही बंद पडू शकतो. *#६२# ला कुणाला अनोळखी नंबर दिसला तर लगेच घाबरू नये, पुष्कळदा तो त्याच सोयीसाठीचा कंपनीचा नंबर असतो. मात्र *#२१# ला, म्हणजे सरसकट वळवणीत, कुठला नंबर दिसला तर तो कुणाचा याचा छडा लावायलाच हवा. काही सिमवर हे आकडे चालत नाहीत. तिथे फोन ॲपच्या सेटिंगमध्ये 'कॉल फॉरवर्डिंग' शोधावं.

सरसकट वळवणीबद्दल जरा आवाज चढवून लिहिते, कारण आमच्या स्तोत्रवर्गातल्या एकीला कुरिअरवाला असल्याचं सांगून फोन आला होता. पार्सल अडकलंय, *२१* दाबून पुढे हा नंबर टाका, म्हणजे डिलिव्हरीवाला तुमच्याशी बोलेल. तिने दाबलं नाही, कारण तिने काही मागवलंच नव्हतं. दाबलं असतं तर तिचे सगळे फोन चोराकडे गेले असते, आणि ओटीपी फोनवरून बोलून सांगण्याची सोय असते तिथे तोही. असे प्रकार वाढले म्हणून दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून *४०१# सारखे आकडे दाबून फोन वळवण्याची सोय बंद ठेवायला कंपन्यांना सांगितलं, तरी चोरांचे फोन थांबलेले नाहीत. कुणाकडून दाबलं गेलंच तर वळवण काढून लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करावा.

माझी गोष्ट सांगायला लागल्यापासून प्रत्येकाकडे एकेक निघते आहे. एका आजोबांचे फोन मुलाच्या गाडीत वाजत होते, ब्लूटूथ जोडलेलं राहिलं म्हणून. दुसरे एक जण घरीच असतात, मुलाशी व्हॉट्सॲपवर बोलतात, त्यांच्या रिचार्जची मुदत संपून इनकमिंग बंद झालं होतं आणि दवाखान्यातून तपासणीचा निरोप द्यायला लावलेले दोन्ही फोन वाया गेले. त्यांना रोजचा डेटा नकोच असतो. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, डिसेंबर २०२४ मध्ये नियम दुरुस्त करून फक्त बोलणं आणि एसएमएस यांची वेगळी व्हाउचरं देणं कंपन्यांना भाग पाडलं, मुदतही ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येते. पण दुकानात ती आपण मागितल्याशिवाय पुढे येत नाहीत. नाव सुचत नसेल तर 'नुसतं बोलण्याचं' म्हणून मागावं.

आता कंपन्यांकडे माझं मागणं. दिवसातून सहा वेळा कॉलर ट्यून घ्या, अमुक पॅक घ्या म्हणून संदेश पाठवता. महिन्यातून एक संदेश, मराठीत, असा पाठवा: तुमचे येणारे फोन सध्या अमुक नंबरकडे वळवलेले आहेत. एवढंच. माझी वळवण कंपनीच्या यंत्रणेत दोन वर्षं नोंदलेली होती, मी १९८ ला फोन केला तेव्हाही होती. तिथे बसलेल्या व्यक्तीने बघितलं असतं तर तपकीर गल्ली घडली नसती. आणि निराकरण न करता तक्रार बंद झाली तर तीस दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, हे मला आता कळलं आहे. तक्रार बंद केल्याच्या संदेशातच ते लिहायला काय हरकत आहे? मी अपील केलं आहे. फोन दुरुस्त झालाय, तरीही केलं आहे.

शेवटी यंदा सात घरं झाली. राहिलेल्या चार यजमानांना मी स्वतः फोन करून खुलासा केला. दोघांनी ऐकून घेतलं. एकीने दुसऱ्या गुरुजींना सांगून झालं होतं. एकांनी अजून उचललेला नाही.

मयूर कॉलनीतल्या काकांनी पुढच्या वर्षीची वेळ आत्ताच ठरवली आहे, सकाळी सव्वासात. तेही पुन्हा समक्ष येऊन. फोनवर त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही.

आपली,
एक स्त्री पुरोहित
कोथरूड, सध्या मुक्काम सहकारनगर, पुणे

(नाव आणि पत्ता सोबत कळवला आहे, कृपया छापू नये.)