माले, ती बाटली आठवते?

प्रिय मालू,

सात महिने झाले तुला पत्र नाही. फोनवरही मी "सगळं ठीक" म्हणते आणि ठेवून देते, हे तू ओळखलं असशीलच. तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला आले नाही तेव्हा गुडघ्याचं कारण सांगितलं होतं. गुडघे दुखतातच, पण खरं कारण ते नव्हतं. पाच तासांचा प्रवास, आणि मध्ये लघवीला लागली तर जायचं कुठे, या धास्तीने आले नाही. लिहून टाकलं एकदाचं. आता हवं तेवढं हस.

बाकी तब्येत बरी. बीपीची गोळी चालू आहे, साखर नाही.

पंधरा दिवसांपूर्वी दवाखान्यात जे झालं ते मी घरी कुणालाही सांगितलेलं नाही. लघवीच्या इन्फेक्शनची या वर्षातली तिसरी खेप. तेच सगळं: ओटीपोटात कळ, दर दहा मिनिटांनी पळायचं, तिथे जाऊन चार थेंब, आणि त्या चार थेंबांना आग. आपल्या आया "उन्हाळी लागली" म्हणायच्या ना, तेच. नंबर अकरावा होता, आत सातवा गेला होता. कापडी गादीच्या खुर्चीवर बसले होते. उठावं म्हणून पाय सरकवला, आणि तेवढ्यातच झालं. गरम. मग गार. माझं नाव दोनदा पुकारलं तरी मी बहिऱ्यासारखी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले. शेवटी जुन्या तपासण्यांची ती भली मोठी फाइल मागे धरून उठले. इतकी वर्षं जपलेली फाइल पहिल्यांदाच काही कामाला आली.

आणि उठताना काय डोक्यात आलं सांगू? पाचवीचा वर्ग. गणिताचा तास. तू बाकावर मान खाली घालून मुसमुसतेस आणि मी माझी अख्खी बाटली तुझ्या फ्रॉकवर उपडी करते. मोठ्या बाईंनी मला पट्टीने फोडलं, आणि तू? "शकीने मुद्दाम भिजवलं" म्हणून वर्षभर सगळ्या शाळेला सांगत हिंडलीस. अगं बये, मुद्दामच भिजवलं होतं! साठ वर्षं होत आली, अजून तू ते कबूल करत नाहीस. त्या दिवशी दवाखान्यात माझ्या आजूबाजूला सहा-सात जणं बसली होती. बाटल्या सगळ्यांकडे होत्या.

असो.

डॉक्टरीणबाई माझ्या लेकीपेक्षाही लहान आहेत. ओली साडी त्यांच्या लक्षात आली असणार, पण एका शब्दाने बोलल्या नाहीत. फक्त खुर्चीऐवजी तपासायच्या टेबलावर बसवलं. तिथेच मी त्यांची झाले. नंतर मात्र रागावल्या, कारण मी एक मूर्खपणा केला होता. मागच्या कोर्समधल्या दोन गोळ्या उरल्या होत्या (बरं वाटलं म्हणून मीच बंद केलेल्या), त्या आदल्या रात्री घेऊन टाकल्या. कल्चरसाठी (लघवीतला जंतू वाढवून ओळखायची तपासणी) लघवी दिली ती त्यानंतर. दोन दिवसांनी रिपोर्ट कोरा. त्या म्हणाल्या, "आजी, अर्धवट मारलेला जंतू बाटलीत वाढत नाही, तुमच्या पोटात मात्र वाढतो. आता कुठलं औषध लागू पडेल हे मी कशावरून ठरवू?" मला उत्तर नव्हतं. आणि "आजी" म्हणाल्या त्याचा राग वेगळाच.

त्यांनी मग कागदावर चित्र काढून समजावलं. आपली लघवीची वाट जेमतेम चार सेंटिमीटर. पुरुषांची वीसच्या आसपास. म्हणजे तिथेही त्यांचाच वाडा मोठा आणि आपली एक खोली! बहुतेक वेळा जंतू आतड्यातलाच असतो, ई. कोलाय नावाचा. शेजारी राहतो, दार उघडं दिसलं की आत येतो. पाळी असते तोवर आपल्या अंगातले चांगले जंतू ती जागा आंबट ठेवतात आणि त्याला थारा देत नाहीत. पाळी गेली, इस्ट्रोजेन नावाचं बायकी हार्मोन आटलं, की तिथली कातडी पातळ आणि कोरडी होते, ते चांगले जंतूही निघून जातात. पाळी गेल्यावर मी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते, तुला ठाऊकच आहे. सुटले म्हणाले होते.

तर त्यावर आतून लावायचं इस्ट्रोजेनचं मलम दिलंय. हार्मोन म्हटल्यावर मी हात मागे घेतला. त्यांनी सांगितलं की १९९३ साली एक अभ्यास झाला होता, वारंवार असा त्रास होणाऱ्या, पाळी गेलेल्या ९३ बायकांवर. हे मलम लावणाऱ्यांना वर्षाकाठी सरासरी अर्धं इन्फेक्शन झालं, नुसतंच बिनऔषधाचं मलम लावणाऱ्यांना जवळजवळ सहा. अर्धं इन्फेक्शन म्हणजे कसलं गं, एकाच बाजूने जळतं? पण आकडा पटला. लगेच गुण येत नाही, काही आठवडे जातात म्हणे. तू मात्र माझं ऐकून आपल्या मनाने आणू नकोस हं. तुझं छातीच्या गाठीचं ऑपरेशन झालेलं आहे, तुझ्या त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

आता खरं दुखणं लिहिते. इथपर्यंत यायला तीन पानं लागली.

त्यांनी विचारलं, दिवसाला पाणी किती पिता? मी म्हटलं, पिते की. "किती?" मग मोजलं. सकाळी गोळीबरोबर अर्धा पेला, जेवताना एक, चहा दोनदा. संध्याकाळी सहानंतर थेंब नाही. बाहेर जायचं असेल तर सकाळपासून नाही. आणि हे मी शहाणपणाने करत होते, मालू. कमी प्यायलं तर कमी जावं लागेल, इतका साधा हिशोब. त्या म्हणाल्या, लघवीचा लोंढा वाहिला तर जंतू धुऊन निघतात, तुम्ही डबकं करून ठेवलंय. २०१८ सालच्या एका अभ्यासात १४० बायकांपैकी निम्म्यांना रोज नेहमीपेक्षा दीड लिटर पाणी जास्त प्यायला लावलं, तर वर्षभरात त्यांना बाकीच्यांपेक्षा जवळपास निम्मीच इन्फेक्शनं झाली. मी लगेच विचारलं, आमच्या वयाच्या किती होत्या? तर एकही नाही, सगळ्या पाळी असलेल्या. म्हटलंच! पण पाणी पाणीच आहे, तुम्हाला हृदयाचा किंवा किडनीचा आजार नाही, प्या, म्हणाल्या. (भावजींना त्यांचं पाणी मोजूनच दे, त्यांचं वेगळं आहे.)

आणि मी तिथे बसल्या बसल्या गार पडले. कारण मला आई दिसली.

शेवटची दोन वर्षं आई माझ्याकडे होती, तुला माहीत आहे. रात्री अंथरूण ओलं व्हायचं. चादरी धुऊन धुऊन माझे हात फुटले होते. मग मी तिचं पाणी बंद केलं. दिवे लागले की तिच्या उशाचा तांब्या उचलायचा आणि फडताळावर ठेवायचा. वरच्या फळीवर. तिचा हात पुरत नसे. ती मागायची नाही, नुसती तांब्याकडे बघायची. मी म्हणायचे, "आता सकाळी हं, आई." तू आलीस तेव्हाही तो तांब्या वर होता. तू खाली काढून दिलास आणि मी तुझ्याशी भांडले, की रात्री चादर बदलायला तू उठणार आहेस का? तू दुसऱ्या दिवशी सकाळच्याच गाडीने गेलीस.

त्यानंतर महिन्याभरात ती भ्रमिष्टासारखं करायला लागली. मला बेबी म्हणून हाक मारायची. बेबीला जाऊन तेव्हा चाळीस वर्षं झाली होती. भाऊ म्हणाला, वय झालं, डोकं गेलं. चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला तेव्हा हॉस्पिटलात नेलं. सलाइन लागलं, अँटिबायोटिक लागलं, आणि तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडून मला विचारलं, "शके, तू जेवलीस का?" डोकं कुठेही गेलं नव्हतं.

मी डॉक्टरीणबाईंना हे सगळं सांगितलं आणि सरळ विचारलं, हे माझ्यामुळे झालं का? त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, नक्की कुणीच सांगू शकणार नाही. म्हातारं माणूस एकाएकी बरळायला लागलं की सगळे लघवीवर खापर फोडतात, पण अंगातलं पाणी आटलं तरी तसं होतं, बद्धकोष्ठाने होतं, एखाद्या गोळीने होतं. मी मनात म्हटलं, पाणी आटलं असेल तरी तांब्या मीच उचलत होते ना? रात्री दोनला उठते तेव्हा हेच चालू असतं. हल्ली उशाशी तांब्या भरून ठेवते. प्यायच्या आधी क्षणभर हात थांबतोच.

भाऊशी बोलून उपयोग नाही. तो म्हणेल, तू किती केलंस आईचं. ते तर सगळेच म्हणतात.

कोर्स पुरा झाल्यावर मी आणखी एक उपद्व्याप केला. आग नाही, ताप नाही, तरी भीतीपोटी परस्पर लघवी तपासून आणली. जंतू निघाले! रिपोर्ट नाचवत गेले, तर त्यांनी गोळ्या द्यायला साफ नकार दिला. आपल्या वयाच्या बऱ्याच बायकांच्या लघवीत जंतू नुसते राहून असतात, त्रास नसेल तर त्यांना हात लावायचा नाही, गोळ्या खाऊन फक्त जास्त मुरलेले जंतू मागे उरतात, म्हणाल्या. नुसता वास आला, गढूळ दिसली, एवढ्यावरही नाही. मात्र ताप, हुडहुडी, कमरेच्या वर पाठीत दुखणं, उलट्या यांतलं काही झालं तर त्याच दिवशी यायचं. आणि औषध संपल्यावरही लघवीत रक्त दिसलं तर ते वेगळं प्रकरण, ते तपासायचंच. मला हे पटलंय असं नाही, पण गोळ्या नाही घेतल्या. अजून तरी काही नाही.

ताईंना सांग, त्यांचं अंग खाली उतरतं म्हणतात ना, त्यानेही लघवी पुरती होत नाही आणि मागे साठून राहते. दाखवून घ्या. मला शिकवलंय तसं करायला सांग: अधांतरी, अर्धवट उभं राहून नाही, पाय टेकून नीट बसायचं, झाल्यावर जरा पुढे वाकून थांबायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. पुसायचं पुढून मागे. आतून साबणाने धुवायचं नाही. साठी उलटल्यावर कुणीतरी मला बसायला शिकवतंय, बघ.

सहलीला तू बस थांबवायला सांगत होतीस आणि मी सगळ्यांसमोर "जरा धरून ठेवता येत नाही का" म्हणाले होते, ते शब्द मागे घेते. दोन दिवस बोलली नव्हतीस, कमीच होते.

नातवाचा निकाल चांगला लागला हे कळलं, त्याला शाबासकी दे. नव्या घरात जिने किती? डोळ्यात थेंब घालतेस ना वेळेवर? सुनेचं काय ठरलं ते लिही. फोनवर नको, इथे फोन सगळ्यांच्या मधोमध आहे.

हे लिहिताना दोनदा उठले, आता तिसऱ्यांदा उठते आहे. पाणी वाढवल्याचा प्रताप. वाचून झालं की फाडून टाक. किंवा नको, ताईंना वाचून दाखव. फक्त दवाखान्यातल्या खुर्चीचं गाळ. बाटलीचं गाळायचं असेल तर आधी कबूल कर.

तुझी,
शकी