नवा बॉयलर जोडण्याआधी

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोन ठेवलास तेव्हा तू चिडला होतास आणि मीही काही कमी बोलले नव्हते. ‘आई, तू आता लॅबमध्ये नाहीस’ हे लागलं मला. पण राग धरून बसायची ही वेळ नाही, म्हणून लिहायला घेतलं. फोनवर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तुझं उत्तर तयार असतं. निदान पत्र तरी शेवटपर्यंत वाचशील.

तिकडे ब्रिटनमध्ये तू नवा बॉयलर बसवतोयस, तापलेलं पाणी खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरवून घर गरम ठेवणारा. त्या कामाचं कोटेशन मी चार वेळा वाचलं. बॉयलरचं मॉडेल, फ्लू म्हणजे धूर बाहेर नेणारी नळी, थर्मोस्टॅट, सगळं व्यवस्थित लिहिलंय आणि खाली पाइप-रेडिएटर आतून धुण्याबद्दल नुसतं ‘सिस्टिम फ्लश’. माझा जीव त्या दोन शब्दांत अडकलाय. जुनं पाणी सोडून दिलं आणि नवं भरलं, तरी त्याला फ्लशच म्हणतात. पाणी जातं, गाळ रेडिएटरच्या तळाशी तसाच राहतो. म्हणून साफसफाई कोणत्या पद्धतीने करणार, किती वेळ, औषध कोणतं, हे बॉयलर बसवणाऱ्या त्या माणसाकडून लिहून घे. तुझा स्वभाव मला माहीत आहे. समोरचा ‘काळजी नको’ म्हणाला की तू मान डोलावतोस.

लहान खोलीतल्या रेडिएटरमधून काढलेल्या पाण्याचा फोटो पाहिला. कपात शाई ओतल्यासारखं दिसतंय. तेच पाणी काचेच्या ग्लासात घे आणि बाहेरून चुंबक लाव. काळा गाळ त्या बाजूला सरकेल आणि ग्लास हलवलास तरी काचेला मिशीसारखा चिकटून राहील. तो मॅग्नेटाइट, म्हणजे रेडिएटरच्या आतलं पोलाद गंजून झालेला काळा गंज. लहानपणी वाळूत चुंबक फिरवून काळे कण काड्यापेटीत साठवायचास ना, ते बहुतेक हेच. आजोबा ती पेटी कोणालाही हलवू द्यायचे नाहीत. असो.

पाणी तांबूस असतं तर मी वेगळं सांगितलं असतं. तांबूस रंग म्हणजे ताजी हवा आत येतेय. कुठेतरी गळती आहे किंवा सिस्टिमला पाणी देणाऱ्या माळ्यावरच्या टाकीचं काही बिघडलंय. काळा गाळ जुना, साठलेला असतो. हात लावूनही कळतं. रेडिएटर वरून थंड असेल तर आत हवा आहे. वर गरम आणि खाली मधोमध थंड असेल तर तळाशी गाळ बसलाय. हवा काढताना मेणबत्ती किंवा काडी जवळ नेऊ नकोस. गंजताना हायड्रोजन तयार होतो आणि तो पेटतो.

तू म्हणालास, जुना बॉयलर याच पाण्यावर इतकी वर्षं चाललाच की. चालला, कारण तो ओतीव लोखंडाचा, आतले मार्ग रुंद, गाळ पोटात घेऊनही पाणी फिरत राहायचं. नव्याच्या हीट एक्स्चेंजरमधल्या, म्हणजे जिथे पाण्याला आच लागते तिथल्या, वाटा अरुंद असतात. त्याच्या पंपाच्या रोटरमध्ये कायमचे चुंबक असतात, म्हणजे ग्लासाच्या काचेवर जे दिसेल तेच पंपाच्या पोटात होणार. शिवाय तू कॉम्बी घेतोयस, म्हणजे रेडिएटरचं आणि नळाचं, दोन्ही पाणी तापवणारा बॉयलर. त्यात नळाचं पाणी तापवणारा प्लेटचा एक्स्चेंजर असतो, तो गाळाने चोंदला की रेडिएटर गरम आणि आंघोळीचं पाणी कोमट. मग किटलीसारखा खदखदण्याचा आवाज, मग वॉरंटीवाल्याला फोन. तो येऊन फिल्टर उघडणार, काळं पाणी बघणार आणि ‘हे वॉरंटीत बसत नाही’ म्हणून जाणार. सईच्या बाळंतपणाची तारीख जानेवारीची आहे. हे पुन्हा लिहिणार नव्हते, पण माझ्या डोळ्यांसमोरून हलतच नाही.

नीट काम कसं होतं ते सांगते. साफसफाईचं औषध आठवडाभर आधीच जुन्या बॉयलरच्या पाण्यात टाकून घ्यायचं. गरम पाण्यात गाळ लवकर सुटतो आणि तापवायला जुना बॉयलर आहेच. फ्लशच्या दिवशी रेडिएटरची उष्णता आपोआप राखणाऱ्या सगळ्या थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हची डोकी काढायची आणि दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचे. दुसऱ्या टोकाचा लॉकशील्ड, म्हणजे पाण्याचा प्रवाह बांधून ठेवणारा व्हॉल्व्ह, उघडण्याआधी तो किती फेऱ्यांवर होता ते मोजून प्रत्येक रेडिएटरवर चिकटपट्टी लावून लिहून ठेव. नाहीतर नंतर बॉयलरजवळच्या खोल्या तापतील आणि टोकाच्या थंड राहतील. मग फ्लशिंगचा पंप लावायचा. तो दाब कमी ठेवून जोरात पाणी फिरवतो, दिशा उलटसुलट करतो. मग एका वेळी एकच रेडिएटर चालू, बाकीचे बंद, म्हणजे सगळा जोर त्या एकावर येतो. तळाशी रबरी हातोडीने हलकं ठोकायचं. तुझे नऊ रेडिएटर आहेत, दिवसाचा बहुतेक भाग जाईल. दोन तासांत ‘झालं’ म्हणाला तर झालेलं नाही असं समज.

झालं हे डोळ्याने ठरवू नये, मोजावं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर पेनाएवढा असतो. आधी नळाचं पाणी मोज, शेवटी सिस्टिमचं. दोन्हींत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर औषध अजून आत आहे, आणखी धुवायला सांग. अ‍ॅसिडवालं औषध वापरलं असेल तर ते आधी न्यूट्रल करायलाच हवं. तुझ्या बॉयलरचा एक्स्चेंजर अ‍ॅल्युमिनिअमचा आहे की स्टेनलेस स्टीलचा हेही विचार. अ‍ॅल्युमिनिअमला आम्ल चालत नाही आणि जास्त अल्कलीही चालत नाही, त्यामुळे इनहिबिटर, म्हणजे गंज रोखणारं औषध, त्याला मानवणाराच हवा. निघालेलं काळं पाणी सांडपाण्याच्या गटारात जावं, बागेत किंवा पावसाच्या पाण्याच्या नाल्यात सोडू देऊ नकोस.

मी परत लॅबमधली झाले, नाही का? रागावू नकोस. तुला हे सगळं समजतं, हे मला माहीत आहे. घर बघितलंस, कागदपत्रं केलीस, कर्ज उभं केलंस, सगळं एकट्याने. बाबांना ती किल्ली हातात घेऊन बघायला मिळायला हवी होती.

आता तुझा मुद्दा. फ्लश केला की जुने रेडिएटर गळतात, असं तो बॉयलर बसवणारा म्हणाला. खोटं नाही ते. एखादं बारीक भोक गंजानेच बुजलेलं असतं, गंज सुटला की पाणी येतं. पण नुसतं कॉम्बी बसवल्यानेही ते होऊ शकतं, कारण माळ्यावरची टाकी जाणार. टाकीच्या उंचीने आत्ता दाब पडतो तो तीन-चार मीटरचा, म्हणजे ०.३ ते ०.४ बार. बंद सिस्टिममध्ये थंड असतानाच १ ते १.५ बार ठेवतात. ज्याला गळायचंय ते गळणारच. ते फ्लशच्या दिवशी, पाना हातात घेतलेला माणूस घरात असताना गळलेलं बरं, की सई बाळाला घेऊन एकटी असताना? लहान खोलीतला तो रेडिएटर तर काढून अंगणात नळीने धुवा, किंवा सरळ बदला.

तिकडे यासाठी बीएस ७५९३ नावाचं ब्रिटिश मानकच आहे, २०१९ चं. त्यात साफसफाई, इनहिबिटर आणि कायमचा फिल्टर, तिन्ही सांगितलंय. मॅग्नेटिक फिल्टर बॉयलरकडे परत येणाऱ्या पाइपवर, बॉयलरच्या अगदी आधी हवा. पहिल्या काही आठवड्यांत एकदा उघडून पुसून घे, मग दरवर्षी सर्व्हिसला. इनहिबिटर बाटलीवरच्या प्रमाणात, अंदाजाने नाही. तुझ्या घरात अंदाजे शंभर लिटर पाणी असेल. तारीख आणि औषधाचं नाव लिहून बॉयलरशेजारी चिकटव. दरवर्षी तपासायचं, पाच वर्षांनी नव्याने घालायचं किंवा पाणी लॅबमध्ये तपासून घ्यायचं. दाब सारखा उतरत असेल तर नुसतं पाणी भरत राहू नकोस. प्रत्येक भरणीबरोबर नवा ऑक्सिजन आत जातो आणि इनहिबिटर पातळ होतो. गळती शोध.

गॅसचं काम करणाऱ्याचं गॅस सेफचं, म्हणजे तिकडच्या अधिकृत नोंदणीचं, कार्ड माग आणि उलटून बघ. त्याला कोणती कामं करता येतात ते मागच्या बाजूला असतं. मागायला लाजू नकोस रे.

सईला सांग, पाय वर करून बसायचं आणि जड काही उचलायचं नाही. मावशीने विणलेलं तयार आहे, फक्त मापाबद्दल तिची नेहमीची कुरकुर चालू आहे.

तुझी,
आई

ता. क. त्याने कोटेशन बदलून दिलं की फोटो पाठव. नवा बॉयलर जोडण्याच्या आधी फ्लश, नंतर नाही, हे त्यात आहे ना ते बघ. आणि चुंबक लावलेल्या ग्लासाचाही फोटो पाठव.