बोनेट उघडायला घाबरू नकोस

चिपळूण,
24 जुलै

प्रिय मध्या,

स. न. वि. वि.

हार घातलेल्या गाडीचा फोटो मिळाला. वहिनी पेढ्यांचा बॉक्स धरून उभ्या, काकू चाकाखाली लिंबू ठेवतायत, आणि तू चावी हातात घेऊन दहावीच्या निकालादिवशी दिसत होतास अगदी तसाच. मी फोटो मोठा करून आधी काय बघितलं सांगू? पुढचा डावा टायर. तू चाक वळवून गाडी उभी केलीस म्हणून दिसला. बाहेरची कड गुळगुळीत आणि मधे नक्षी शाबूत. म्हणजे चाकांचं अलाइनमेंट (सरळ रेषेतली जुळणी) गेलंय किंवा आधीच्या मालकाने बरेच दिवस कमी हवेवर गाडी पळवलीय. तुझ्या आनंदात मिठाचा खडा टाकत नाहीये, पण डोळ्यांना सवय लागली ती लागली.

फोनवर तू म्हणालास, "मला यातलं काही कळत नाही रे, बोनेट उघडलं की धडकी भरते, गॅरेजवाला आहे ना." आणि पुढच्याच वाक्यात, "गणपतीला आईला घेऊन येतोय, उंब्रजवरून कुंभार्ली घाट उतरून." ही दोन वाक्यं एकामागोमाग ऐकली आणि मला काही झोप लागेना. तोंडी सांगितलं असतं तर "हो, हो" म्हणून विसरला असतास. कागद निदान डॅशबोर्डच्या कप्प्यात राहील.

आधी एक तपास. गाडी जुनी आहे, म्हणून सगळे सीटबेल्टचे पट्टे शेवटपर्यंत ओढून बघ. रोज आपण पट्टा जेमतेम अर्धा बाहेर काढतो, टोकाकडचा भाग कोणी पुसत नाही. तिथे मातीची रेघ दिसली, सीटखालचे रूळ गंजलेले असले, गालिचा उचलल्यावर तळघरासारखा कुबट वास आला, तर गाडी कधीतरी पाण्यात बुडालेली आहे. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी आमच्या घराघरांत शिरली तेव्हा इथल्या किती गाड्या छपरापर्यंत बुडाल्या ते मी डोळ्यांनी पाहिलंय. धुऊनपुसून त्यातल्या काही नक्की कुठेतरी विकल्या गेल्या असणार. माझ्या मेव्हण्याची गाडी चिखलातून बाहेर काढली आणि त्याने उत्साहात सेल्फ मारला. सिलिंडरमध्ये पाणी होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, मग वाकतो तो पिस्टनला जोडलेला दांडा, कनेक्टिंग रॉड. जे काम इंजिन सुकवून, ऑईल बदलून भागलं असतं, ते इंजिन उतरवण्यावर गेलं. तेव्हा पाण्यात गाडी बंद पडली तर चावीला हात लावायचा नाही, ढकलून बाहेर काढायची आणि टोइंगवाल्याला बोलवायचं.

आता बोनेट. तुला दुरुस्ती करायची नाहीये, नुसतं बघायचंय. रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, सपाट जागेवर. दहा मिनिटं पुरतात, आणि त्यातलीही चार फडकं शोधण्यात जातात.

ऑईलची पट्टी ओढ, पूस, परत पूर्ण आत घाल, पुन्हा ओढ. पहिल्यांदा ओढल्यावर दिसतं ते खरं नसतं, सगळीकडे उडालेलं असतं. दोन खुणांच्या मधे पातळी असली की झालं. कमी असेल तर थोडं थोडं घालायचं, आणि मॅन्युअलमध्ये लिहिलाय त्याच ग्रेडचं. "जास्त घातलं तर काय बिघडतं?" असं तू विचारणारच. बिघडतं. पातळी फार वर गेली की इंजिनातला फिरता दांडा, म्हणजे क्रँक, ते ऑईल घुसळतो, फेस होतो, आणि फेसाने वंगण होत नाही. ऑईल काळं दिसलं म्हणून घाबरू नकोस, वापरातलं ऑईल काळं पडतंच, डिझेलवर तर लवकर पडतं. दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर मात्र गाडी सुरूच करू नकोस, त्यात कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणारं, पाणी शिरलंय.

कूलंटची प्लॅस्टिकची टाकी बाहेरूनच दिसते, दोन रेघांमधे रंगीत पाणी. मध्या, हे मात्र ठळक अक्षरात वाच: इंजिन गरम असताना ते झाकण किंवा रेडिएटरची टोपी उघडायची नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलंस की दाब जातो आणि तेच पाणी त्या क्षणी वाफ होऊन तोंडावर येतं. आमच्या नाक्यावरच्या मिस्त्रीच्या उजव्या हातावरचा डाग असलाच आहे, आणि तो तीस वर्षं हे काम करतोय. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला तर गाडी बाजूला घे, बंद कर, आणि अर्धा-पाऊण तास चहा पी. गाडी बंद केल्यावरही पंखा आपोआप फिरू शकतो, तेव्हा शर्टाची बाही किंवा बोटं त्याच्या आसपास नकोत. आणखी एक, उरलेलं कूलंट बिसलेरीच्या बाटलीत भरून ठेवू नकोस. चवीला गोडसर असतं आणि विषारी असतं. तुझ्या ओवीच्या हाती किंवा गल्लीतल्या कुत्र्याच्या तोंडी लागलं तर फार वाईट. बोअरचं पाणी तर टाकूच नकोस, पुण्याचं बोअरचं पाणी बादलीला पांढरी पुटं चढवतं, रेडिएटरला काय सोडणार?

आता ब्रेक ऑईल. इथे मी जरा जास्त बोलणार, कारण ही माझी स्वतःची लाज आहे आणि तुला मी ती अजून सांगितलेली नाही.

जुनी गाडी होती तेव्हाची गोष्ट. साताऱ्याहून लग्न उरकून येत होतो. आई, सुमा, दोन्ही पोरं, डिकीत आहेराची भांडी. कोयनानगर सोडलं, घाट लागला. मी चौथ्या गिअरवर, पाय ब्रेकवर ठेवून निवांत उतरत होतो, म्हटलं इंजिन आरामात आहे. चार-पाच वळणं झाली आणि करपल्यासारखा वास यायला लागला. सुमा म्हणाली, "कोणाचं तरी काहीतरी जळतंय." कोणाचं तरी! पुढच्या वळणाला ब्रेक दाबला आणि पेडल लोण्यात रुतावं तसं खाली गेलं. अजून दाबलं, अजून खाली. त्या दोन सेकंदांत मला माझ्या पोरांची नावंही आठवली नसती. हाताने मात्र काम केलं: तिसरा, दुसरा गिअर, पेडल पंपासारखं मारत राहिलो, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या बाजूच्या चरात गाडी टेकवली. पाऊण तास कोणी कोणाशी बोललं नाही. चाकं गार झाली तशी पेडलही परत वर आलं, जणू काही झालंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने टाकी उघडली आणि मला दाखवून म्हणाला, "साहेब, हे ब्रेक ऑईल आहे की कोरा चहा?" पाच वर्षं बदललं नव्हतं. मला वाटायचं, संपत नाही तर बदलायचं कशाला? गंमत अशी की हे ऑईल हवेतली ओल पीत राहतं. डबा नवा असताना डॉट 4 ग्रेडचं ब्रेक ऑईल किमान 230 अंशांपर्यंत उकळू नये असं मानक आहे, आणि ओल शोषलेल्या ऑईलसाठी तोच आकडा 155 वर येतो. पाचव्या वर्षी माझ्या टाकीतलं किती खाली आलं असेल कोणास ठाऊक. घाटात ब्रेक तापले, ऑईलमधलं पाणी उकळलं, नळीत वाफेचे बुडबुडे झाले. पाय जो जोर लावतो तो चाकापर्यंत न पोचता बुडबुडे दाबण्यात खर्च होतो. कोकणातली हवा तर वर्षातले आठ महिने ओली. म्हणून दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदलायचं, पातळी दिसली तरी. आणि पातळी खाली गेली असेल तर नुसतं वरून ओतू नकोस, एकतर ब्रेकचे पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळतंय. हे ऑईल रंग खातं, गाडीवर सांडलं तर लगेच पाण्याने धू. डोळ्यांत जाऊ देऊ नकोस. डबा एकदा उघडला की उरलेलं "पुढच्या वेळेला" म्हणून कपाटात ठेवू नकोस, तिथेही ते ओल पीत बसतं.

घाटात उतरताना ज्या गिअरने तो घाट चढला असतास त्याच गिअरने उतर. ब्रेक थोडा दाबायचा, सोडायचा. आणि पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रलवर उतरणारी जी आपली जमात आहे ना, तिच्या नादी लागू नकोस. इंजिन बंद झालं की ब्रेकला मदत करणारा बूस्टर दोन-तीन दाबांतच संपतो, पेडल दगडासारखं होतं, स्टेअरिंगही जड होतं. वाचलेल्या पेट्रोलच्या पैशांत वडापावसुद्धा येत नाही.

टायरचं थोडक्यात. किती हवा भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, माणसं आणि सामान भरल्यावरचा वेगळा. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नाही. हवा टायर थंड असताना मोजायची, पंपावर पन्नास किलोमीटर पळवून गेलास तर काटा खोटं सांगणार. नायट्रोजनसाठी जास्तीचे पैसे मोजायचे तर मोज, आपल्या साध्या हवेतही तो 78 टक्के असतोच. टायरच्या खोबणीत छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की 1.6 मिलिमीटरच उरलीय, टायर बदल. वयही बघ: कडेवर चार आकडे असतात, 3218 म्हणजे 2018 चा बत्तिसावा आठवडा. नक्षी भरपूर दिसणारा जुनाट टायर जास्त फसवतो, विशेषतः स्टेपनीचा. (स्टेपनी हा शब्द कुठून आला ठाऊक आहे? वेल्समधल्या लॅनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर दोघे डेव्हिस बंधू 1904 च्या सुमारास जादा चाकाची धाव बनवत. रस्त्याचं नाव राहिलं, ते बिचारे कोणाला आठवत नाहीत.)

चाक बदलायचा सराव घरासमोर कर, भर पावसात महामार्गावर नको. हँडब्रेक, गिअर, ज्या चाकाला उचलणार नाहीस त्याला दगड. नट जमिनीवर असतानाच सैल करायचे, गाडी उचलल्यावर जोर लावलास तर ती जॅकवरून घसरते. जॅक लावायची जागा ठरलेली असते, पत्र्यावर दोन खाचा दिसतात, तिथेच लावायचा. काढलेलं चाक पत्र्याखाली आडवं सरकवून ठेव. जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं तर सोड, हातही घालायचा नाही, पाना खाली गेला तरी. नट बसवताना समोरासमोरचे घट्ट करत जा.

बॅटरीचं एकच. तुझ्या हातातला तो स्टीलचा कडा काढून ठेव. पाना आणि कडा मिळून दोन टर्मिनल जोडले गेले तर कडा लालभडक होईल आणि हातातून निघणार नाही. काळी वायर आधी काढायची, शेवटी लावायची. पांढरी-हिरवी बुरशी जमली तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने घास, आणि जवळ बिडी-काडी नको, चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

वायपर, दिवे, पीयूसी, विमा हे तू सांभाळशील, वहिनी आहेतच. उंदरांचं मात्र बघ, आठवडाभर उभ्या गाडीत वायरी खातात. बोनेट उघडल्यावर इंजिनवर लेंड्या दिसल्या तर समजायचं.

निघायच्या आधीच्या रविवारी हे सगळं बघ आणि ब्रेक ऑईल कधी बदललंय ते आधीच्या मालकाला विचार. त्याला आठवत नसेल तर बदलूनच टाक. घाट उतरलास की पोफळीला दोन मिनिटं थांब. काकूंना पाय मोकळे करू दे, आणि तू चारही चाकांजवळ जाऊन नुसता वास घे, हात लावू नकोस, डिस्क भाजते. कुठल्या एकाच चाकाला जळका वास आला तर तिथून मला फोन कर, मी मिस्त्रीला घेऊन वर येतो. मोदकांचं सुमा बघतेय.

काकूंना सा. न., ओवीला गोड पापा, वहिनींना नमस्कार.

तुझा,
विन्या

ता. क. जॅकचं हँडल आणि नटाचा पाना डिकीत आहे का ते आजच बघ. जुन्या गाडीबरोबर स्टेपनी मिळते, पाना मिळतोच असं नाही.